जुन्या जीपच्या ब्रेक पेडलची रिटर्न स्प्रिंग: निवड, बसवणी आणि नंतरची तपासणी

विलीज किंवा महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप घरी आणली, की काही दिवसांतच ब्रेकवरून पाय उचलल्यावर पेडल पुरतं वर येत नसल्याचं लक्षात येतं. वाकून पाहावं, तर खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, नाहीतर कुठल्याशा मोटरसायकलच्या साइड स्टँडची स्प्रिंग तारेनं आवळलेली. गाडी चालत असते, ब्रेकही लागत असतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. मग एखाद्या घाटात चारही चाकांचे ब्रेक ड्रम तापतात, गाडी ओढत नाही, आणि दोष इंजिनाला लागतो.

इथे उदाहरणाला घेतली आहे ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, मूळ ब्रेक असलेली सीजे-३बी. विलीजनं ती १९५३ साली आणली आणि महिंद्रानं परवान्यावर इथे पुढे कित्येक वर्षं बनवली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या शेतांवर आणि गॅरेजांत जुनी जीप म्हटली की बहुतेकदा हीच. ९ इंची ड्रम, चारही चाकांना एकाच सर्किटनं ऑइलचा दाब देणारा १ इंच बोअरचा मास्टर सिलिंडर, आणि तोही पायाखाली, चासीला बसवलेला. पेडलचा दांडा फ्लोअरच्या खाचेतून वर येतो आणि त्याचा आस फ्लोअरखाली असतो. फ्लोअरमधून वर येणारं पेडल आणि चासीत मास्टर सिलिंडर अशी रचना असलेल्या त्या काळातल्या इतर गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त प्लेचं, म्हणजे पेडलच्या सुरुवातीच्या मोकळ्या हालचालीचं, माप त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावं.

ही स्प्रिंग नेमकं काय करते

इथे दोन स्प्रिंगांचा घोळ होतो. मास्टर सिलिंडरच्या आत एक स्प्रिंग असते, ती पिस्टनला मागे ढकलते. बाहेरची रिटर्न स्प्रिंग पेडलला त्याच्या स्टॉपपर्यंत ओढून धरते. वरून लोंबकळणाऱ्या पेडलाला परत यायला स्वतःच्या वजनाचीही थोडी मदत मिळू शकते. जीपचं पेडल खालच्या आसावर उभं आहे. स्प्रिंग काढली की ते आपल्या वजनानं पुढे कलंडतं आणि पिस्टनला ढकलणाऱ्या पुश रॉडवर रेलतं. म्हणजे बाहेरची स्प्रिंग मेलेली असेल, तर आतल्या बारीक स्प्रिंगला पिस्टनही ढकलायचा आणि अख्खं पेडलही उचलायचं. तेवढी तिची ताकद नसते.

मास्टर सिलिंडरमध्ये रिझर्व्हॉयरकडून येणारं सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्याला गॅरेजात नुसतं ‘पोर्ट’ म्हणतात. पिस्टन पूर्ण मागे असताना रबरी कपाची कड या भोकाच्या जेमतेम मागे थांबते आणि भोक उघडं राहतं. ब्रेक तापले, ऑइल प्रसरण पावलं, की वाढलेलं ऑइल याच वाटेनं रिझर्व्हॉयरमध्ये परततं. पिस्टन एखाद-दोन मिलिमीटर जरी पुढे राहिला, तरी कप भोकावर बसतो. मग तापलेल्या ऑइलला जायला जागा नाही, ते लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, ड्रमवर दाबतं, घर्षणानं आणखी तापतं, आणखी दाबतं. गाडी उभी करून अर्धा तास थांबलं की सगळं थंड होऊन चाकं आपोआप सुटतात, आणि मेकॅनिकला दाखवेपर्यंत दोष गायब झालेला असतो.

म्हणून विलीजच्या मॅन्युअलमध्ये पेडलाला किमान अर्धा इंच मोकळा प्ले सांगितला आहे. पुश रॉड पिस्टनला टेकण्याआधी पेडलचा पॅड अर्धा इंच, म्हणजे साधारण १३ मिमी, मोकळा हलला पाहिजे. स्प्रिंग त्या अर्ध्या इंचाची राखण करते. ती खूप जोरदार असण्याची गरज नाही. पेडल मोकळं फिरत असेल, तर बेताची स्प्रिंग पुरते. फिरत नसेल, तर कितीही जाड घातली तरी ती आजार झाकते.

आधी खात्री करा

स्प्रिंग मागवण्याआधी पाऊण तास तपासणीला द्या. सर्वांत आधी मॅट उचला. जाड रबरी मॅटची कड पेडलच्या दांड्याखाली अडकली, तरी हीच लक्षणं दिसतात.

मग फ्लोअरची खाच पाहा. जुन्या जीपांत बॉडी आणि चासीमधले रबराचे किंवा कॅनव्हासचे तुकडे दबून गेलेले असतात. बॉडी एका बाजूला बसते, खाच सरकते, आणि दांडा पत्र्याला घासतो. घासल्याची चकचकीत रेघ दांड्यावर लगेच दिसते. तशी दिसली तर आधी बॉडीचे माउंट बदला. खाच कानशीनं मोठी करू नका, पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी आणि चिखल आत येईल.

यानंतर ब्रेक लाइट. या गाडीत ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालतो. पेडल हातानं पूर्ण वर ओढून धरा. त्यावर लाइट विझला, तर पेडल परत येत नव्हतं, म्हणजे दोष स्प्रिंगचा किंवा पेडल ज्यावर फिरतं त्या बुशचा. पेडल स्टॉपला टेकलेलं असूनही लाइट लागलेलाच असेल, तर लाइनमध्ये दाब अडकला आहे किंवा स्विच आतून चिकटला आहे. स्विचच्या दोन वायरी काढून पाहिलं की वायरिंगचा दोष वेगळा पडतो.

चाकं आवळलेली असतील, तर त्याच अवस्थेत एक चाक उचला आणि तिथला ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचं तोंड) अर्धा फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब अडकला होता. निपल उघडूनही चाक घट्ट असेल, तर ब्रेक शू, आतल्या स्प्रिंगा किंवा व्हील सिलिंडर पाहायला हवा, पेडलखाली शोधून काही मिळणार नाही. दाब अडकलाच असेल, तर पुढच्या वेळी निपलऐवजी मास्टर सिलिंडरचा पाइप जरा सैल करून पाहा. तिथे सैल केल्यावर चारही चाकं सुटली, तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा पेडलमध्ये. तिथे सैल करूनही चाक घट्ट आणि निपलला सुटतं, असं असेल तर मधला रबरी होज आतून फुगून बंद झाला आहे. असे होज बाहेरून नव्यासारखे दिसतात. कुठेही पाइप सैल केला असेल, तर नंतर हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

शेवटची चाचणी पेडलचीच. जुनी स्प्रिंग सोडवा, पुश रॉड पेडलपासून वेगळा करा, पेडल हातानं वर आणा आणि सोडून द्या. ते स्वतःच्या वजनानं, न अडखळता पडलं पाहिजे. मध्येच थांबलं तर शाफ्ट आणि बुश साफ केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सामान

स्प्रिंग १ (माप पुढे दिलं आहे), नवी स्प्लिट पिन १, पुश रॉड पेडलला जोडणाऱ्या क्लेव्हिस पिनीवर झिजून पायरी पडली असेल तर ती १, पेडल शाफ्टचे बुश झिजले असतील तर ते, चासी ग्रीस, हुकांना लावायला चिमूटभर ग्रॅफाइट ग्रीस, हवा काढावी लागली तर डॉट ३ ब्रेक ऑइलची सीलबंद अर्ध्या लिटरची बाटली. हत्यारांत पक्कड, व्हाइस ग्रिप, व्हर्निअर, १५० मिमी स्टीलची पट्टी, ग्रीस गन, तारेचा ब्रश, १२० नंबरचा एमरी पेपर, जाड नायलॉन दोरी १ मीटर, १.५ ते २ मिमी जाडीचे वॉशर २० ते २५. डोळ्यांना गॉगल लागतोच. ताणलेली स्प्रिंग सुटली तर ती नेमकी खाली झोपलेल्या माणसाच्या तोंडाच्या दिशेनं येते.

पाने इंची घ्या. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना जातो, पण ०.३ मिमी सैल बसतो आणि गंजलेला नट गोल करून टाकतो. ९/१६ च्या नटावर १४ चढत नाही आणि १५ घसरतो. मात्र पन्नास वर्षांत मधले काही नट मिलिमीटरचे झालेले असतात, म्हणून दोन्ही संच जवळ असू द्या.

गाडी उभी करणं

सपाट, कडक जमीन. चारही चाकांना लाकडी ठोकळे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. मागचं एक चाक जॅकवर उचललं, की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाकही मोकळं होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी पुढे जाऊ शकते. त्यामुळे ठोकळे आधी, मग बाकीचं. फोर-व्हील गुंतवून ठेवली तर पुढचा ॲक्सलही धरतो, पण ते ठोकळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही.

नुसती स्प्रिंग बदलायची असेल तर जॅकची गरज पडत नाही. जीपची उंची पुरेशी असते, चारही चाकं जमिनीवर ठेवून ड्रायव्हरच्या बाजूनं आत सरकता येतं. बॅटरीची एक वायर काढून ठेवा. पाना चुकून स्विचच्या टोकाला लागला तर ठिणगी उडते.

जुनी स्प्रिंग काढणं आणि जागा तयार करणं

काढण्याआधी मोबाइलवर दोन फोटो घ्या, एक पेडल वर असताना, एक खाली दाबलेलं असताना. स्प्रिंगचं एक टोक पेडलच्या खालच्या भागातल्या भोकात आणि दुसरं चासीवरच्या अँकरमध्ये असतं. पण हाताळलेल्या गाड्यांत अँकर कुणी कुठेही वेल्ड केलेला असतो. आपल्या गाडीतली मूळ जागा ओळखायची तर एकाला पेडल दाबायला सांगा. पेडल दाबल्यावर ज्या दोन भोकांमधलं अंतर वाढतं, तीच स्प्रिंगची जोडी. अंतर कमी होत असेल, तर ती स्प्रिंग पेडलला वर आणण्याऐवजी खाली ओढेल.

व्हाइस ग्रिपनं हुकाच्या मानेला धरून चासीकडचं टोक आधी काढा. शेजारी क्लचच्या पेडलची स्प्रिंग असते, ती दिसायला जवळजवळ तशीच. एकाची दुसरीकडे लावू नका, आणि दोन्ही एकदम काढू नका. एक जागेवर राहिली की नमुना समोर राहतो.

आता तारेच्या ब्रशनं सगळा चिखल काढा आणि रॉकेलच्या फडक्यानं पेडलचा आस पुसा. एक पथ्य आहे. गंज सुटण्याचं स्प्रे-ऑइल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही मास्टर सिलिंडरच्या रबरी बुटावर जाऊ देऊ नका. खनिज तेलानं ब्रेकचे रबर फुगतात. कप फुगला की तो पोर्टवर चढून बसतो, आणि जो दोष काढायला बसलो तोच हातानं तयार होतो. बुटाभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून दोऱ्यानं बांधली की काळजी मिटते.

शाफ्ट बाहेर काढल्यावर व्हर्निअरनं दोन ठिकाणी मोजा, बुश बसतो तिथे आणि जिथे काहीच बसत नाही तिथे. फरक ०.२ मिमीच्या आत असेल तर एमरीनं हलका हात फिरवून पुन्हा वापरता येतो. बुशमध्ये पेडल आडवं हलवून पाहा. पॅडवर बाजूला थोडी हालचाल चालते, पण दांडा खाचेच्या पत्र्याला टेकेल इतकी असेल तर नवे गनमेटल बुश लेथवर करून घ्यावेत. शाफ्ट आणि बुशमध्ये ०.०५ ते ०.१० मिमी मोकळीक मागा. लेथवाला पुष्कळदा ‘घट्ट’ करून देतो आणि ते चांगलं काम समजतो. इथे घट्ट बुश म्हणजे परत न येणारं पेडल. ग्रीसचं भोक निपलसमोर येतंय ना तेही बसवण्याआधी पाहा. बुश उलटा ठोकला की निपल बंद होतो आणि पुढे कितीही ग्रीस मारलं तरी आत जात नाही.

पेडलवरचं आणि अँकरचं भोक लांबट झालेलं असतं. स्प्रिंगच्या हुकानं लोखंड इतकं खाल्लेलं असतं की कड सुरीसारखी होते. हुक तुटण्याचं हे पहिलं कारण. भोकाच्या कडेला ४ मिमीपेक्षा कमी लोखंड उरलं असेल, तर वेल्डनं भरून नवं भोक पाडा, तारेच्या जाडीपेक्षा १ ते १.५ मिमी मोठं, आणि दोन्ही बाजूंच्या कडा मोठ्या ड्रिलनं हातानं फिरवून मारून टाका. वेल्डिंगच्या वेळी मास्टर सिलिंडरजवळचे रबर आणि ब्रेक पाइप ओल्या फडक्यानं झाका, आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी शेजारी लावा.

स्प्रिंग किती लांब, किती जाड

जीपच्या सुट्या भागांच्या दुकानात तयार स्प्रिंग मिळाली तर उत्तम, पण नाव सांगून न घेता मापावर घ्या. ‘जीपची स्प्रिंग’ म्हणून मिळणाऱ्यांत बरेच प्रकार असतात. मोजायचं असं:

पेडल स्टॉपला टेकवून दोन भोकांमधलं अंतर घ्या, ते पहिलं माप. पेडल जितकं जाईल तितकं खाली दाबून पुन्हा घ्या, ते दुसरं. स्प्रिंगची मोकळी लांबी एका हुकाच्या आतल्या बाजूपासून दुसऱ्याच्या आतल्या बाजूपर्यंत मोजतात. ही लांबी पहिल्या मापापेक्षा साधारण पाचव्या हिश्शानं कमी हवी. उदाहरणार्थ, पहिलं माप १४० मिमी आणि दुसरं १७५ मिमी भरलं, तर मोकळी लांबी ११० मिमीच्या आसपास. म्हणजे पेडल वर असतानाच स्प्रिंग ३० मिमी ताणलेली राहते. पेडल वर असताना स्प्रिंग सैल लोंबत असेल, तर शेवटचा अर्धा इंच, म्हणजे नेमका हवा असलेला भाग, ती ओढतच नाही.

या उदाहरणाला २.५ मिमी तार, १९.५ मिमी बाहेरचा व्यास आणि ३२ वेढे अशी स्प्रिंग छान जुळते. तिचा ताठपणा मिलिमीटरला सुमारे पाव किलो पडतो. ३० मिमी ताणल्यावर ७ ते ८ किलोची ओढ मिळते, आणि पूर्ण दाबल्यावरही तार तिच्या मर्यादेच्या बरीच आत राहते. पेडलच्या लांबीच्या प्रमाणात पॅडवर ती ओढ बरीच कमी जाणवते. सामान मोजायचा हातकाटा पॅडला अडकवून ओढलं, तर २ ते ३ किलोला पेडल स्टॉपवरून हलायला लागावं. पाचच्या वर काटा गेला, तर शहरातल्या गर्दीत पाय भरून येईल आणि ब्रेक किती लागतोय याचा अंदाजही पायाला नीट येणार नाही.

‘थोडी जाड तार घाला’ असं सांगणारे बरेच भेटतील. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. २.५ ऐवजी ३ मिमी तार घेतली, वेढे आणि मधला व्यास तेवढाच ठेवला, तर स्प्रिंग थेट दुप्पट ताठ होते. लांब स्प्रिंग कापून आखूड करण्याचंही तसंच. ३२ पैकी १६ वेढे ठेवले की ताठपणा दुप्पट, शिवाय कापलेल्या टोकाला गॅसवर तापवून वळवलेला हुक नरम पडतो आणि काही दिवसांत उलगडतो. हुक कारखान्यातच वळलेला हवा.

बनवून घ्यायची तर एमआयडीसी भागात स्प्रिंग बनवणारे छोटे कारखाने असतात. जुनी स्प्रिंग नमुन्याला देताना तीच लांबी करा असं सांगू नका, ती ताणून लांब झालेली असते. तारेचा व्यास, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या, मोकळी लांबी, हुकाचा प्रकार आणि दोन्ही हुकांची तोंडं एकाच बाजूला की समोरासमोर, एवढं कागदावर लिहून द्या. तार आयएस ४४५४ मधली स्प्रिंगची तार मागा. एकाऐवजी तीन करून घ्या, एक गाडीत, एक डिकीतल्या पेटीत, एक घरी. झिंक प्लेटिंगचा मोह टाळा. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन तारेत शिरतो, आणि नंतर १९० ते २२० अंशांवर काही तास भाजून तो काढला नाही, तर स्प्रिंग एके दिवशी विनाकारण काचेसारखी तुटते. काळा रंग आणि वर ग्रीसचा हात पुरतो.

बसवणं

शाफ्ट, बुश आणि पेडल ग्रीस लावून बसवा. पुश रॉड अजून जोडू नका. पेडल वर-खाली हलवून ते स्वतःच्या वजनानं पडतंय हे पुन्हा पाहा. मग पुश रॉड जोडा, क्लेव्हिस पिनीला नवी स्प्लिट पिन घाला आणि तिची दोन्ही टोकं वळवा. जुनी पिन सरळ करून वापरली तर ती वाकवलेल्या जागीच मोडते.

प्लेचं माप स्प्रिंग लावण्याआधी घ्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्प्रिंग लावल्यावर तिची ओढ आणि पिस्टनचा अडथळा यांतला फरक हाताला नीट कळत नाही. पेडल एका हातानं स्टॉपला टेकवून धरा, पॅडच्या शेजारी स्टीलची पट्टी उभी करा, आणि दोन बोटांनी पॅड हळू खाली न्या. पुश रॉड पिस्टनला टेकला की बोटांना स्पष्ट थांबा लागतो. तिथपर्यंत १३ मिमी भरलं पाहिजे. कमी-जास्त असेल तर मास्टर सिलिंडरच्या आय बोल्टचा लॉकनट सैल करून बोल्ट अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. कोणत्या दिशेला वाढतो ते पहिल्याच फेऱ्यात समजतं. जमल्यावर लॉकनट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना बोल्ट थोडा फिरतोच.

आता स्प्रिंग. हाताच्या जोरावर ३० मिमी ताणून खालच्या अडचणीत हुक घालणं अवघड आहे आणि पक्कड घसरली की बोटं सोलतात. त्यापेक्षा वॉशरची युक्ती करा. स्प्रिंग व्हाइसमध्ये धरून एका बाजूला वाकवा, वेढ्यांत फटी पडतात, त्या फटींत एकेक वॉशर सरकवा. मग दुसऱ्या बाजूला वाकवून उरलेल्या फटी भरा. १.५ मिमीचे २० वॉशर गेले, की स्प्रिंग ३० मिमी लांब होऊन तशीच राहते. ही लांब झालेली स्प्रिंग दोन्ही भोकांत सहज अडकते. आधी पेडलकडचा हुक, मग अँकरचा. नंतर एकाला पेडल दाबून धरायला सांगा. फटी मोकळ्या होतात आणि वॉशर पकडीनं एकेक निघतात, काही आपोआप खाली पडतात. वीस आत गेले असतील तर वीस बाहेर आल्याचं मोजून घ्या. राहिलेला एक वॉशर स्प्रिंगला पूर्ण मिटू देत नाही आणि दुसऱ्या वेढ्यांवर ताण टाकतो.

वॉशर नसतील तर दोरी. अँकरकडच्या हुकात नायलॉन दोरीचा फास घाला, दोरी अँकरच्या पलीकडे नेऊन लांब स्क्रूड्रायव्हरला गुंडाळा आणि चासीचा टेकू घेऊन ओढा. हुक भोकावर आला की दुसऱ्या हातानं बसवा. चेहरा स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका.

हुक आडव्या पट्टीच्या भोकात वरून खाली घालावा, टोक खाली. धक्क्यानं क्षणभर ढिला पडला तरी स्वतःच्या वजनानं तो जागेवर राहतो. खालून वर घातलेला हुक खड्ड्यांच्या रस्त्यावर कधीतरी निसटतो. दोन्ही हुकांना ग्रॅफाइट ग्रीस लावा, करकर थांबते आणि भोक खाल्लं जात नाही.

मग खाली टॉर्च घेऊन जा, वर कुणीतरी पेडल सावकाश पूर्ण दाबू दे, आणि स्प्रिंगचा सगळा प्रवास पाहा. ती ब्रेकच्या लोखंडी पाइपला, होजला किंवा वायरिंगला कुठेही १० मिमीच्या आत येता कामा नये. स्प्रिंगचा वेढा पाइपला रोज घासला की पाइपवर अर्धचंद्राकृती खाच पडते, आणि एका सर्किटच्या ब्रेकमध्ये तो पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अंतर कमी असेल तर अँकर सरकवा. पाइपला रबर गुंडाळून भागवू नका, रबराखाली पाणी साचून तो आतून गंजतो.

चाचणी

मास्टर सिलिंडरचं झाकण उघडण्याआधी भोवतालची माती फुंकून, पुसून काढा. झाकण काढून, चेहरा बाजूला ठेवून, ऑइलकडे तिरकं पाहा आणि दुसऱ्याला पेडल अगदी हळू दाबू द्या. पहिला अर्धा इंच ऑइल शांत राहतं. पुश रॉड टेकून पिस्टन हलला, की क्षणभर पृष्ठभागावर एक बारीक उसळी, छोटंसं कारंजं दिसतं. कप पोर्ट ओलांडताना ढकललेलं हे ऑइल आहे. हे दिसलं म्हणजे पेडल सोडल्यावर पोर्ट उघडं राहतं याचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मिळाला. उसळी दिसलीच नाही, तर एकतर प्ले नाही, किंवा पोर्टमध्ये कचरा आहे, किंवा कप फुगला आहे. रंगावर ऑइलचा थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा.

पेडल पन्नास वेळा दाबून सोडा, प्ले पुन्हा मोजा. ब्रेक लाइट दर वेळी विझतोय का पाहा. मग एकेक चाक उचलून हातानं फिरवा. लायनरचा हलका, सारखा आवाज चालतो, अडकणं चालत नाही. यानंतर मोकळ्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर, ब्रेक शक्य तितका कमी वापरत. थांबून चारही ड्रमांजवळ तळहात न्या. चारही सारखे कोमट असतील तर काम झालं. चारही तापले तर पुन्हा पेडल आणि प्ले. एकच तापला तर दोष त्या चाकात किंवा त्याच्या होजमध्ये आहे. १०० किलोमीटरनंतर प्ले आणखी एकदा मोजावा, नवी स्प्रिंग आणि नवे बुश थोडे बसतात.

काय बिघडतं आणि का

हुक वारंवार तुटत असेल तर भोकाची कड धारदार आहे, किंवा हुक भोकात आवळला जाऊन फिरत नाही. नवी स्प्रिंग आणण्याआधी भोक पाहा. पूर्ण ब्रेक दाबल्यावर स्प्रिंग निसटत असेल तर हुकाचं तोंड उघडं पडलं आहे, म्हणजे ती क्षमतेपेक्षा जास्त ताणली गेली. लांबीचं दुसरं माप चुकलेलं असतं.

सकाळी पेडल आळसावल्यासारखं वर येतं आणि दुपारी ठीक असतं, तेव्हा बुशमध्ये जुनं, घट्ट झालेलं ग्रीस आणि धूळ यांचा लेप बसलेला असतो. नुसतं नवं ग्रीस मारून तो निघत नाही, शाफ्ट काढून धुवावाच लागतो. भातशेतीत चालणाऱ्या जीपांत हे दर पावसाळ्यानंतर होतं, कारण पेडलचा आस चिखलाच्या फवाऱ्यातच असतो. फ्लोअरच्या खाचेवरचं रबर फाटलेलं असेल तर ते याच वेळी बदला.

एक स्प्रिंग कमी पडते म्हणून शेजारी दुसरी लावलेली दिसली, की समजावं, बुश अडकला आहे. दोन्ही काढा आणि पेडल स्वतःच्या वजनानं पडतं का, तिथूनच सुरुवात करा. आणि प्ले अर्ध्या इंचाऐवजी दीड-दोन इंच ठेवून ‘आता ब्रेक कधीच चिकटणार नाही’ असा उपाय कुणी केला असेल, तर तोही उलटवा. तेवढा प्रवास वाया गेल्यावर लायनर थोडे झिजले की पेडल फ्लोअरला टेकतं आणि ब्रेक लागायला पुरेसा दाब उरत नाही.

पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, ग्रीस गनचे दोन-तीन झटके पेडलच्या निपलला, हुकांना ग्रॅफाइटचं बोट, आणि पट्टी लावून १३ मिमी. तारेची जाडी हुकाच्या वळणावर २.५ वरून २ मिमीपर्यंत उतरलेली दिसली, तर पेटीतली दुसरी स्प्रिंग लावायची वेळ झाली.